फेअरवेच्या मधोमध

२०१९ सालच्या फेब्रुवारीत, अ‍ॅरिझोनातल्या एका रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर, चौथ्या होलपाशी ईश्वर गजभिये यांनी चेंडू मारला आणि काठी खांद्यावर तशीच ठेवून विचारलं,

“कुठे गेला?”

“मधोमध,” कार्टचं स्टिअरिंग धरून बसलेल्या रत्नाबाई म्हणाल्या. “छान गेला.”

चेंडू डावीकडे गेला होता. तिथे फेअरवेचा, म्हणजे खेळायच्या गवताचा, पट्टा कापून काढल्यासारखा संपत होता आणि लगेच वाळवंट सुरू होत होतं. तांबूस रेती, खडक, माणसासारखे हात वर करून उभे असलेले निवडुंग. रत्नाबाईंनी स्वेटरच्या खिशातला दुसरा चेंडू चाचपला. कार्ट पुढे न्यायची, आधी आपण उतरायचं, तो हळूच गवतावर सोडायचा. ईश्वररावांच्या नजरेतला मधला भाग गेला होता. कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या.

मागच्या कार्टमधून उपासना उतरून जवळ आली. तीन वर्षांपासून ती फिनिक्सला वकिली करत होती, आणि आईबाबांना उत्तरेकडच्या ट्रॉय गावच्या थंडीतून आठवडाभर तिनेच बोलावून घेतलं होतं. ईश्वरराव पाणी प्यायला गेलेले पाहून तिने आवाज खाली आणला.

“आई, यू प्रॉमिस्ड. आज सांगणार होतीस.”

“सांगते गं. खेळू दे जरा त्यांना.”

“या वेळी बाबांच्या गाडीखाली शेजाऱ्यांचा मेलबॉक्स गेला. नेक्स्ट टाइम माणूस असेल. मी बोलले की बाबा भडकतात. तुझं ऐकतील.”

“चाळीस वर्षांत कधी ऐकलंय?” रत्नाबाई हसल्या, पण उपासना हसली नाही.

सांगायचं एवढंच होतं की आता गाडी चालवायची नाही. पण रत्नाबाईंना गाडी येत नव्हती. ही कार्ट जमायची, हिचा वेग सायकलचा. ट्रॉयला आल्यावर आधी मुलगी लहान होती म्हणून, मग बर्फ म्हणून, मग धीरच झाला नाही म्हणून शिकायचं राहून गेलं. दर रविवारी ईश्वरराव त्यांना बुद्धवंदनेसाठी पाऊण तासावरच्या भाड्याच्या हॉलवर नेत. तिथे त्या पोरांना त्रिसरण-पंचशील शिकवत. इंग्रजीत विचार करणारी ती पोरं पाली शब्दांना अडखळत आणि रत्नामावशी, रत्नामावशी करत मागे लागत. बाकीच्या सहा दिवसांत खिडकीबाहेर फारसं काही होत नसे.

पाचवा होल झाला. सहावा झाला. ऊन पाठीवर बसू लागलं. उपासना प्रत्येक वेळी आईकडे बघत होती आणि रत्नाबाई प्रत्येक वेळी टोपी सारखी करत होत्या.

आठव्या होलला ईश्वररावांनी मारलं आणि या वेळी विचारलंही नाही.

“मधोमध,” रत्नाबाई आपणहून म्हणाल्या.

ते कार्टमध्ये येऊन बसले. हातमोजा एकेक बोट सोडवत काढला.

“तुझे सगळे ‘मधोमध’ खरे असते तर आज टीव्हीवर खेळताना दिसलो असतो.”

“काय झालं?”

“रत्ना, गवतावर पडलेल्या चेंडूचा आवाज येत नाही. हा टक् करून दगडावर आपटला. कान शाबूत आहेत माझे.”

रत्नाबाईंनी खिशातल्या चेंडूवर हात ठेवला.

“गाडीतही तू असंच करतेस,” ते शांतपणे म्हणाले. “‘चला, सिग्नल हिरवा झाला.’ त्या दिवशी आडवी आलेली सायकलवाली बाई मला दिसलीच नव्हती. तू ओरडली नाहीस. तुझा हात डॅशबोर्डवर आपटला, त्यावर मी ब्रेक मारला.”

“मग तरी काहून चालवता?”

“तू काहून काही बोलत नाहीस?”

“मला वाटलं, गाडी सुटली तर तुम्ही खचाल. रिटायर झाल्यापासून तेवढंच तर उरलंय तुमच्याकडे.”

“माझ्याकडे?” ते हसले, आणि हसताना त्यांना धाप लागली. “जन्म गाड्यांच्या कारखान्यात गेला. मला आता कुठे जायचं असतं? रविवारी तुला हॉलवर न्यायला नको का कोणी?”

निवडुंगावरून एक पक्षी उडाला. रत्नाबाईंनी खिशातला चेंडू काढून ईश्वररावांच्या हातात दिला आणि कार्ट वळवून उपासनेपाशी नेली.

“उपासना, ट्रॉयची गाडी विकायला काढ,” रत्नाबाई म्हणाल्या.

“बाबा?” ती बघतच राहिली.

“आई म्हणते तसं,” ईश्वरराव म्हणाले.

“ओ माय गॉड, आई!” उपासनेने आईच्या गळ्यात हात टाकले आणि कानाशी पुटपुटली, “हाऊ डिड यू डू इट?”

“उरलेलं खेळून घ्या,” रत्नाबाई म्हणाल्या. “ऊन चढतंय.”

नवव्याला ईश्वररावांनी मारलं.

“कुठे गेला?”

“उजवीकडे. काट्यांत. मिळणार नाही.”

“बरं,” ते म्हणाले, आणि काठी पिशवीत ठेवली.

गाडी एका विद्यार्थ्याने घेतली. त्या वर्षी रत्नाबाईंना हॉलवर न्यायला कुणी ना कुणी येत राहिलं. हिवाळ्यात येणं विरळ झालं. कारणं सगळी खरी होती. मग २०२० आलं आणि सगळ्यांच्याच गाड्या दारात उभ्या राहिल्या. बुद्धवंदना स्क्रीनवर आली. रत्नाबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ती घेत. ईश्वरराव शेजारी बसत, कॅमेऱ्यात न येता. दोन वर्षांनी शरदात ते गेले.

उपासना स्वतःच्या फर्ममध्ये मोठी झाली. बाबांना एकटी आई समजावू शकली, हे ती अजून लोकांना सांगते. आई ते खोडून काढत नाही. फिनिक्सला राहायला ये, असं उपासना दर फोनवर म्हणते.

रत्नाबाई ट्रॉयच्या घरीच आहेत. हॉल पुन्हा सुरू झाला तेव्हा बाकीचे सगळे तिथे जाऊ लागले; त्यांना न्यायला मात्र कुणी आलं नाही. तिथलं सगळं सांभाळणारा प्रितम दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल लावून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एक टॅबलेट उभा करतो आणि “मावशी, दिसतंय ना?” असं विचारतो. त्या हो म्हणतात. वंदना संपली की पोरं एकेक करून त्या खुर्चीसमोर येतात, हात जोडून वाकतात. इतक्या जवळून रत्नाबाईंना त्यांचे चेहरे दिसत नाहीत, नुसती सदऱ्यांची बटणं दिसतात. त्या बटणांना हात जोडतात.