डोंगर न पाहिलेली सायकल

मी एक जुनी डोंगरी सायकल आहे. डोंगर मी पाहिलेला नाही. हसू नका, मित्रांनो. ज्यांनी मला विकत घेतले, त्यांनीही पाहिलेला नव्हता.

ते विमा कंपनीत साहेब. रविवारी मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेत आणि परत आल्यावर, शेजाऱ्यांना दिसावे म्हणून, कुंडीतला चिखल माझ्या अंगाला चोपडत. त्याची मला अजून किळस येते. त्यात शेणखत होते.

पुढे हौस फिटली आणि मी गॅलरीत पडले. माझ्या हँडलवर साहेबांचे मोजे वाळत. त्याविषयी न बोललेलेच बरे.

मग साहेबांच्या पत्नीला, आमच्या बाईंना, इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली. अजून पक्की नव्हती, आणि पहाटेच्या पाळीला बस नव्हती. त्यांनी मला मिस्त्रीकडे नेले. त्याने माझे गुरगुरणारे दातेरी टायर काढून गुळगुळीत टायर घातले. मागे कॅरिअर, खाली स्टँड आणि दोन्ही चाकांवर मडगार्ड बसवले. मी प्रथमच सायकलीसारखी दिसू लागले.

साहेब खवळले. "अगं, डोंगराची सायकल आहे ती! पार दूधवाल्याची करून टाकलीस!"

"डोंगर कुठाय? तुमचं पोट सोडलं तर मला तरी एकही दिसत नाही."

एका रविवारी साहेबांना जुन्या मित्रांना फोटो धाडायची लहर आली. मडगार्ड काढले. कुंडी होतीच. फोटो झाला, मडगार्ड मात्र पलंगाखालीच राहिले. सोमवारी बाई अंधारात घाईघाईने निघाल्या. वाटेत पाण्याचा पाइप फुटून रस्त्यावर चिखल झाला होता. इस्पितळात पोहोचल्या तेव्हा पांढऱ्या गणवेशावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा.

मुख्य परिचारिका म्हणाल्या, "ही पाठ घेऊन जखमा बांधणार? घरी जा. पुन्हा असं झालं तर येऊच नका."

बाई घरी येऊन ओरडल्या नाहीत. गणवेश साहेबांच्या मांडीवर टाकला. "शिखर सर करून आलेय. धुवा."

साहेब मोरीत उकिडवे बसून घासत राहिले. डाग फिकटला, गेला नाही. संध्याकाळी त्यांनी मडगार्ड स्वतः बसवले. एक स्क्रू तिरका गेला. बाईंची नोकरी पुढे पक्की झाली, पण मागचे मडगार्ड अजून खडखडते. साहेब पाना घेऊन आले की बाई म्हणतात, "वाजू द्या. ऐकलं की तुमच्या लक्षात राहतं."

मित्रांनो, आम्हां सायकलींना हवा भरा, साखळीला तेल द्या, ओले अंग पुसा. आणि कुंडीतला चिखल कुंडीतच राहू द्या. झाडाला त्याचा उपयोग असतो.