साल माझी आहे

मी ऐन वृक्ष बोलतोय. इंझोरीच्या शिवारात, कमलीबाईच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा आहे. पलीकडे जंगल सुरू होतं; मी त्याच जंगलातला, जरा शेताकडे निघून आलेला. माझी साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. लोक तिला कुरूप म्हणतात. म्हणू द्या. बुरशी, कीड, कुजवणारे जंतू आत शिरू नयेत म्हणून मी ती तुरट रसानं भरली. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

दिवाळीनंतर कारंज्याहून लायबा आली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारी मुलगी. आधी कमलीबाईला विचारलं, मग तळहाताएवढी साल काढून नेली. दुखलं; पण तिनं जखमेवर ओली माती लिंपली.

थंडीत ती मोबाइलवर फोटो घेऊन परत आली.

"मावशी, हे पाहा. बशीत जंतू वाढवले अन् मधोमध सालीचा अर्क टाकला. त्याच्या भवताल एकबी जंतू नाही उरला. टॅनिन, म्हणजे तो तुरट रस, लय हाय यात."

"म्हणजे दवा सापडली?"

"नाही अजून. बशीत जंतू मेले. माणसावर कोणी तपासलं नाही."

कमलीबाईनं गावात फक्त पहिला भाग सांगितला.

मग गावातलाच जडीबुटीचा व्यापारी अमरसिंग कुऱ्हाड घेऊन आला. "साल काय, केसावानी वाढते पुन्हा," असं सांगून त्यानं कमलीबाईचा होकार मिळवला होता. तो बुंध्याभोवती गोल सोलत निघाला. अर्धा घेर उघडा पडला. मला ओरडता येत नाही.

तेवढ्यात लायबा गळलेली पानं न्यायला आली. तिनं पिशवी टाकली आणि उरलेल्या सालीला पाठ लावून उभी राहिली.

"काहून आडवी येऊन राह्यली पोरी? तूच तं म्हणली, दवा हाय."

"मी असं म्हटलंच नाही. अन् चारी बाजूनं सोललं तं झाड मरते. पानातलं अन्न मुळाले सालीतूनच जाते."

"हट."

"नाही हटत."

कमलीबाई हरभऱ्यातून धावत आली. "मरते? तू तं मले केसावानी वाढते म्हणला!"

तिनं अमरसिंगच्या कुऱ्हाडीचा दांडा धरला. "धुरा माझा हाय. चाल, निंघ!"

तो गेला. सोललेल्या बाजूच्या फांद्या वाळल्या. कमलीबाईनं घावावर शेणमाती लिंपली, पण वर माझ्याकडे बघणं तिला जमलं नाही.

त्याला वर्ष झालं. उघड्या लाकडाच्या कडेनं साल जाड ओठासारखी आत सरकतेय. लायबा आता खाली पडलेली पानंच नेते, त्यांचा अर्क तपासते. अमरसिंग मोटारसायकलवरून जाताना मान वळवून बघतो. बघ म्हणावं.

माझ्यातलं काही तुमच्या कामाचं निघालं तर घ्या. विचारून घ्या, थोडं घ्या. पण कुऱ्हाड घेऊन याल, तर मी मुकाट मरणार नाही.

माझ्या फळांना पाच पंख असतात. या उन्हाळ्यात जिवंत असलेल्या प्रत्येक फांदीवरून मी ती सोडली. वारा गावाकडे होता. काही अमरसिंगच्या अंगणात पडली असतील.

उगवू दे.