गर्दीचा रविवार

कृष्णातनं आपल्या मुलीला, मनालीला पट्ट्यानं मारलं तो मार्च महिना होता. तोवर मार बायकोच्या, अनुजाच्या वाट्याला होता आणि तो तिनं अंगवळणी पाडून घेतला होता. मागच्या थंडीत त्यानं सुमोचं दार तिच्या हातावर आपटून दोन बोटं मोडली, तेव्हाही ती सगळ्यांना दारात हात सापडला असंच सांगत होती. पण मनालीला आंघोळ घालताना तिच्या पाठीवरचे वळ दिसले आणि अनुजाच्या मनात पहिल्यांदा आलं, की आता इथं राहायचं नाही.

ठरवणं सोपं होतं, जाणं अवघड. कोल्हापूरजवळच्या उचगावात ट्रकच्या बॉड्या बांधायचा कृष्णातचा कारखाना घराला लागूनच होता. वेल्डिंगची माणसं दिवसभर दारासमोर, सासू तानाबाई उंबऱ्यात. बाजार असो, दवाखाना असो, कृष्णात स्वतः सुमोतनं नेणार आणि परत आणणार. एकदा ती मनालीला घेऊन एसटी स्टँडपर्यंत पोचली होती. तिथं एका रिक्षावाल्यानं ओळखलं आणि "वैनी, दादास्नी सांगिटलंयसा न्हवं?" म्हणत तिला घरी आणून सोडलं. माहेरी वडील होते, गणपतराव. पूर्वी दोनदा ती त्यांच्याकडं गेली, दोनदा त्यांनीच तिला जीपमध्ये बसवून परत आणून घातलं. "तापट हाय, पर कमावता हाय," एवढंच ते म्हणाले.

मनाली राजारामपुरीतल्या शाळेत चौथीला होती. तिच्या वर्गाच्या बाई संघप्रिया. पीटीच्या तासाला तिची पाठ त्यांनाही दिसली होती. पालकसभेला कृष्णात बाहेर गाडीत बसून राहिला, तेव्हा बाईंनी अनुजाला फळ्याजवळ नेऊन सरळ विचारलं. अनुजानं पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "माझी थोरली बहीण पुण्यात असते. आक्काताई. नर्स आहे. तुम्ही तिच्यापर्यंत पोचा, पुढचं ती बघेल. पण कोल्हापुरातनं तुम्हाला निघता यायचं नाही. इथं सगळे त्यांना ओळखतात."

"मग कुठनं?"

"लांब. जिथं कुणी ओळखत नाही आणि माणूस माणसाला दिसत नाही अशा ठिकाणी. आणि निकाल लागल्यावरच. आत्ता शाळा सोडली तर पोरीचं वर्ष जाईल."

मनालीनं वर्षभर वॉटर पार्कचा हट्ट धरला होता. पुण्याच्या बाहेर नवीन झालेलं. वर्गातल्या निम्म्या मुली जाऊन आल्या होत्या. कृष्णातलाही जायचं होतं, पण त्याला गर्दी नको होती. जूनमध्ये शाळा उघडल्या की मधल्या एखाद्या वारी जायचं, असं त्याचं ठरलेलं. पोरं शाळेत, घसरगुंड्या मोकळ्या, तिकिटाला सूटसुद्धा. मनालीची एक दिवस शाळा बुडली तर बुडू दे.

अनुजाला नेमकं उलटं हवं होतं. एक मेला निकाल लागतो. त्यानंतरच्या रविवारी सगळ्या शाळा सुटलेल्या असतात आणि पुण्या-मुंबईपासून साताऱ्या-सांगलीपर्यंतची माणसं एकदम बाहेर पडतात. त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते, असं आक्काताईंनी फोनवर बहिणीला सांगितलं होतं.

पण अनुजा जे म्हणेल ते कृष्णात कधी करत नसे. म्हणून एका दुपारी ताट वाढताना ती म्हणाली, "तुमचंच बरोबर हाय. जूनमधीच जाऊया. मेच्या रविवारी लई गर्दी असती. आपल्याला झेपायची न्हाय."

"आपल्याला म्हंजे कुणाला?"

"तुमाला गर्दीत राग येतो. उगंच कुणासंगट तरी वाद हुईल."

ताट भिंतीवर जाऊन आदळलं. कृष्णातनं तिची मान धरली आणि तिचं तोंड फरशीवर सांडलेल्या भातात दाबलं. भात गरम होता. "मी गर्दीला भितो व्हय? तू मला शिकवणार? मेमधीच जायाचं. रविवारीच जायाचं." तो प्रत्येक शब्दाला तिचं डोकं खाली दाबत होता. तानाबाई दारातनं म्हणाली, "बास की आता, पोरगी बघायलीया." मग त्यानं सोडलं आणि हात धुवायला गेला.

अनुजानं नाकातलं रक्त पदरानं पुसलं आणि भात गोळा करायला बसली. तारीख ठरली होती.

मनालीला तिनं काहीच सांगितलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर ते दिसलं असतं.

रविवारी ते पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पार्किंग भरून गाड्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. तिकिटाच्या खिडकीसमोर लोखंडी पाइपांच्या मधून रांगा वळत गेल्या होत्या. घामानं भिजलेली माणसं, रडणारी पोरं, डोक्यावर डबे घेतलेल्या बायका. कृष्णातनं रांगेतच दोघांना ढकललं आणि एकाला शिवी दिली. आत गेल्यावर त्यानं मनालीचं मनगट पकडलं ते सोडलंच नाही. मोठ्या लाटांच्या तलावात पाण्यापेक्षा माणसंच जास्त होती. तिथंही तो तिला धरून उभा होता. कुणाचा धक्का लागला की तो कोपरानं मारायचा.

अनुजा काठावर वाट बघत होती. दुपारी मनालीच म्हणाली, "आई, मला कपडं बदलायचं हायत. लई थंडी वाजालीया." ओठ खरंच निळे पडले होते. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी कृष्णातला मनगट सोडावं लागलं.

"लवकर या," तो म्हणाला.

त्या खोलीला दोन दारं होती, एक तलावाकडं आणि एक बाहेरच्या फाटकाकडं. आत बायकांची इतकी दाटी होती, की मनालीचा फ्रॉक बदलायलाही जागा मिळेना. अनुजानं ओल्या कपड्यांवरच कोरडा फ्रॉक चढवला आणि पोरीला पुढं घालून दुसऱ्या दारानं बाहेर काढलं.

"पप्पा तिकडं हाईत," मनाली म्हणाली.

"ठाऊक हाय. चल."

मनालीनं आईकडं बघितलं आणि ती भराभर चालू लागली. दोघी रांगांच्या उलट्या दिशेनं, माणसांना बाजूला सारत चालल्या. फाटकाबाहेर बसथांब्यावर, बाईंमार्फत ठरल्याप्रमाणे, निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली बाई उभी होती. आक्काताई. त्यांनी हात वर केला.

तेवढ्यात मागून अनुजाचे केस ओढले गेले.

कृष्णात खोलीला वळसा घालून आला होता, उघडाच, हाफ पँटवर, अंगावरनं पाणी ठिबकत होतं. त्यानं तिला केसांनी मागं खेचलं आणि तिचं कपाळ रांगेच्या लोखंडी पाइपावर आपटलं. एकदा, दोनदा. पाइप वाजला. रांगेतली माणसं मागं सरकली. एक म्हातारा पुढं येत म्हणाला, "अहो, काय करताय?" कृष्णात त्याच्याकडं न बघताच म्हणाला, "नवरा हाय मी तिचा." म्हातारा थांबला. बाकीचेही थांबले. तिसऱ्यांदा पाइप वाजला तेव्हा मधे कुणीच आलं नाही.

मनाली बापाच्या कमरेला लोंबकळून त्याला मागं ओढत होती. आईच्या कपाळातलं रक्त तिच्या फ्रॉकवर उडालं. अनुजा खाली कोसळली. मग कृष्णातनं तिला तिथंच टाकलं, मनालीला उचलून खांद्यावर घेतलं आणि गर्दी फोडत पार्किंगकडं निघाला. मनाली हातपाय झाडत किंचाळत होती.

पुढच्या माणसांना मागचं काही दिसलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात पोरं पळवणारी टोळी आल्याची आवई त्या भागात उठली होती. त्यांना दिसला तो उघडा, भिजलेला दांडगा माणूस आणि त्याच्या खांद्यावर रक्तानं माखलेल्या फ्रॉकातली किंचाळणारी पोरगी. चार तरुण आडवे आले.

"कुणाची पोरगी ही?"

"माझी हाय. सरक."

"उतरव खाली."

"तुझ्या बापाची हाय का? सरक म्हणतो न्हवं." कृष्णातनं एकाच्या छातीवर हात मारला. तो पडला. बाकीच्यांनी मनालीला ओढून खाली घेतलं. एक बाई तिच्यासमोर वाकली. "बाळा, घाबरू नको. हा कोण आहे तुझा?"

मनालीनं बापाकडं बघितलं. कृष्णात म्हणाला, "सांग की त्यास्नी."

"न्हाय," मनाली म्हणाली. "मी वळखत न्हाय ह्यास्नी."

पहिला ठोसा कुणी मारला ते कुणालाच सांगता आलं नाही. कृष्णात दांडगा होता. त्यानं एकाचं नाक फोडलं, एकाला गाडीच्या बॉनेटवर फेकलं. मग पाठीमागून कुणीतरी त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि तो खाली गेला. खाली गेल्यावर माणसं वाढत गेली. ज्यांना काय झालंय ते माहीतही नव्हतं ती 'पोरं पळवतोय' एवढं ऐकून धावत आली. चपला, बूट, पाण्यानं भरलेल्या बाटल्या. आपल्या पोराला खांद्यावर बसवलेला एक माणूस पोराला खाली न उतरवता लाथा मारत होता. एकानं रांगेचा सुटा पाइप उपसून आणला.

आक्काताईंनी अनुजाला उठवून तिथवर आणलं होतं. कपाळाला त्यांचा रुमाल धरलेला. मनाली येऊन आईच्या मांडीला चिकटली. पायांच्या जंगलातून कृष्णातचा चेहरा मधूनच दिसत होता. एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्यानं त्यानं अनुजाला बघितलं आणि तोंड उघडलं. पण तोंडात रक्त होतं, शब्द बाहेर आला नाही.

"बस लागलीय," आक्काताई हळू म्हणाल्या. "आत्ता निघालो तर निघालो."

अनुजा हलली नाही. मघाची बाई तिच्याकडं वळली. "ताई, तुम्ही या मुलीच्या आई ना? हा कुणी ओळखीचा आहे का तुमच्या?"

अनुजाच्या तोंडातून उत्तर निघालं नाही. पाइप वर गेला आणि खाली आला. जबडा मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं. अंगातून काहीतरी ऊन ऊन वाहत गेल्यासारखं बरं वाटलं. मग तिचं लक्ष मनालीकडं गेलं. मनाली पापणी न हलवता बघत होती.

"सोडा त्याला," अनुजा म्हणाली. कुणी ऐकलं नाही. ती माणसांत घुसली. तिच्या खांद्यावर एक लाथ बसली, पाठीवर बाटली आदळली. ती कृष्णातच्या अंगावर आडवी पडली आणि ओरडली, "माझा नवरा हाय त्यो! पोरीचा बाप हाय! मारू नका!"

पाइपवाला हात वर धरूनच थांबला. "मग पोरगी का नाही म्हणाली?"

"तिला इचारू नका. मला इचारा."

पण कुणी काही विचारलं नाही. माणसं एकेक करून मागं झाली, चपला शोधू लागली. पोलीस आले तोवर रांग पुन्हा पहिल्यासारखी लागली होती.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात कृष्णातचा जबडा तारांनी बांधला. डावा डोळा वाचला नाही. अनुजाच्या कपाळाला टाके पडले. हवालदारानं तिला विचारलं, "गर्दीत पडले असं लिहू का? तुमच्याच घरातलं प्रकरण आहे." ती नाही म्हणाली आणि लग्नापासूनचं सगळं सांगत बसली. तो लिहून लिहून थकला.

संध्याकाळी कृष्णातचा धाकटा भाऊ गुंडू तानाबाईला घेऊन आला. तानाबाईनं व्हरांड्यातच सुनेच्या थोबाडीत मारली. "माझ्या लेकाला मारून घातलंस. रांड, तुझं वाटोळं हुईल." दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा अनुजानं तो हवेतच धरला आणि धरून ठेवला, म्हातारी हिसका द्यायची थांबेपर्यंत. मग हात सोडून ती आक्काताईंबरोबर दवाखान्याबाहेर पडली.

आक्काताईंची खोली विश्रांतवाडीत होती. मनाली तीन-चार दिवस धड जेवली नाही. एका दुपारी आई भाजी निवडत असताना ती म्हणाली, "पप्पा मेलं असतं तर माझ्यामुळं मेलं असतं न्हवं?"

"न्हाय."

"मी खोटं बोलले म्हणून मारलं त्यास्नी."

अनुजानं हातातली जुडी खाली ठेवली. "मलाबी त्या बाईनं इचारलं हुतं. मी गप ऱ्हायले."

"का?"

"तुझ्या पाठीवरलं वळ आठवलं."

"मग नंतर का वरडलीस?"

"तू बघत हुतीस."

मनाली आईजवळ सरकून बसली आणि मेथीची पानं खुडू लागली.

जूनमध्ये ती तिथल्या शाळेत पाचवीला बसली. आक्काताईंच्या ओळखीनं अनुजाला एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं. सुनेनंच गुंड लावून मारवलं, अशी तक्रार गुंडूनं केली, पण मारणाऱ्यांतला एकही माणूस कधी सापडला नाही. घटस्फोटाची केस कोल्हापूरच्या कोर्टात पुढची काही वर्षं चालली. तारखेला संघप्रियाबाई शाळेतून रजा काढून अनुजाशेजारी येऊन बसायच्या. गणपतराव एकदाच आले आणि मागच्या बाकावरून उठून गेले.

शेवटच्या तारखेला कृष्णातनं मुलीला भेटायची परवानगी मागितली. न्यायाधीशसाहेबांनी मनालीला विचारलं. ती म्हणाली, "भेटते. पण आई तिथंच बसंल."

व्हरांड्यातल्या बाकावर तो काळा चष्मा लावून बसला होता. पोट सुटलं होतं, जबडा एका बाजूला वाकडा झाला होता. त्यानं शाळेचं विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं पेढ्यांचा पुडा पुढं केला, तिनं घेतला. मग तो म्हणाला, "ह्या बाजूचं दिसत न्हाय मला. तू इकडं बस."

मनाली उठली आणि त्याच्या दिसत्या बाजूला जाऊन बसली, हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवून.