संध्याकाळची पाळी

निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा मी औषधाच्या दुकानाच्या पाटीवर शेवटचं अक्षर काढत होतो. खाली रस्त्यावर एकदम आरडाओरडा झाला. दुकानदार बाहेर आला, शिडी हलवून म्हणाला, "पेंटर, गेलं तुमचं कुलूप." माझा हात सरकला आणि अक्षराला शेपूट फुटलं. चिंधीने ते पुसत मी म्हटलं, गेलं तर गेलं. पण मला वाईट वाटलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

कुलूप हे पंतप्रधानांना लोकांनी पाडलेलं नाव. तोट्यातले सरकारी कारखाने त्यांनी धडाधड बंद केले म्हणून. माझा मुलगा ज्या कागद कारखान्यात होता तोही त्यात गेला. आता तो एका गोदामात ट्रक भरतो. त्यामुळे आमच्या घरात त्या माणसाचं नाव जेवताना काढायचं नाही असा नियम होता. नियम माझ्या बायकोने केला आणि रोज मोडला तिनेच. तिच्याइतक्या शिव्या त्याला कुणी दिल्या नसतील. आणि द्यायची कुठे, तर त्याच्याच मशीनवर पडून.

तिच्या किडन्या गेल्या तेव्हा डायलिसिस फक्त मोठ्या शहरात व्हायचं. आठवड्यातून तीन खेपा, बसने अर्धा दिवस जायला, अर्धा यायला. लोक थोडे दिवस जायचे, मग थकून सोडून द्यायचे, आणि पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. कुलपाने लहान गावांच्या सरकारी दवाखान्यांत मशीनं बसवली. फुकट. वर संध्याकाळची पाळी ठेवली, म्हणजे पोटापाण्याचं काम सोडावं लागू नये. माझं दिवसभराचं काम उरकलं की मी तिला घेऊन जायचो. त्यामुळे ती आणखी चार वर्षं माझ्याशी भांडू शकली. गेल्या थंडीत गेली.

त्या खोलीवरची पाटी माझ्याच हातची. वरून आलेल्या मजकुरात कुलपाचं नाव एवढं मोठं की बाकी कशाला जागा नव्हती. बायको खाली उभी होती. ओळ तिरकी जाते का हे शिडीवरून कळत नाही, म्हणून माझी प्रत्येक पाटी ती खालून बघायची.

"ओळ सरळ आहे," ती म्हणाली. "पण अहो, याचं नाव वाचून कुणाला काय करायचंय? पाळ्यांच्या वेळा लिहा की."

मी म्हटलं, मजकूर सरकारचा आहे.

"मग सरकारच येणार का इथे सुया टोचून घ्यायला?"

निकालानंतर चहाच्या दुकानात बसणं मुश्किल झालं. कारखाने बंद केले ते चुकलंच, असं मी आधीच कबूल करायचो. मग म्हणायचो, पण मशीनं त्यानेच आणली. त्या 'पण'च्या पुढे मला कुणी जाऊ दिलं नाही. न्हावी म्हणाला, तुझ्या बायकोला मशीन मिळालं, माझ्या भावाची भाकरी गेली, त्याचं काय? त्याचंही खरंच होतं. तरी मी रोज पुन्हा मशीनपाशी यायचो. शेवटी त्यांनी माझं नाव किल्ली ठेवलं.

त्यातच दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. नवे मंत्री यायच्या आत पाटीवरचं ते नाव घालवा म्हणाले. संध्याकाळची पाळी त्यांनी निकालाच्या आठवड्यातच बंद केली होती, नवा आदेश येईपर्यंत. मी बघतो म्हणालो आणि टाळाटाळ करत राहिलो. ते नाव गेलं की आमची चार वर्षं कुणाच्या खाती राहणार, असं मला वाटे.

मुलगा म्हणाला, तुम्ही नाही घालवलं तर दुसरा घालवेल, आणि पाटीची वाट लावेल. मी म्हटलं, निरोपाचं भाषण होऊ दे. त्यात तो स्वतः सांगेल मशीनचं. तू पण ऐक.

भाषणाच्या दिवशी मुलगा कामावरून आला आणि हातपाय धुऊन माझ्या शेजारी बसला. कुलूप बराच वेळ बोललं. इतिहास आपल्याला न्याय देईल म्हणालं, जवळच्यांनी दगा दिला म्हणालं, परदेशात आपला किती मान आहे ते सांगितलं. मी पुढे सरकून ऐकत होतो. मशीनचा एक शब्द नाही.

मुलाने टीव्ही बंद केला. आता टोमणा येणार म्हणून मी वाट पाहिली.

"आई असती तर चप्पल फेकली असती टीव्हीवर," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बाबा, त्याच्याच लक्षात नाही. तुम्ही कुणासाठी भांडताय?"

मला चहाच्या दुकानातल्या कुणाचाही आला नव्हता एवढा राग त्या माणसाचा आला.

मुलाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही शिडी घेऊन गेलो. दाराजवळच्या बाकावर बस कंडक्टर बसला होता. संध्याकाळच्या पाळीतला जुना गडी, बायकोच्या शेजारच्या मशीनवरचा. आता बिनपगारी रजा टाकून दिवसा येतो.

"पुसा, पुसा," तो म्हणाला. "माझी पाळी पुसलीच आहे."

मी ते नाव पॉलिश पेपरने घासून त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. 'डायलिसिस कक्ष' एवढंच राहिलं आणि खाली भरपूर जागा. आत जाऊन सिस्टरला वेळा विचारल्या. सकाळ लिहिली, दुपार लिहिली, संध्याकाळ लिहायला घेतली.

"बाबा, तिसरी बंद आहे," मुलगा खालून म्हणाला.

"ठाऊक आहे."

तो दोन पावलं मागे सरकला. मग म्हणाला, "उजवीकडे उतरतेय. जरा वर घ्या."

मोठे डॉक्टर बाहेर आले. हे काय, लोक संध्याकाळी येऊन दार ठोकतील, म्हणाले.

"ठोकू देत," मी म्हटलं. "नाव घालवा म्हणालात, घालवलं. हे मी घालवणार नाही. दुसरा पेंटर बघा."

ते कंडक्टरकडे बघत राहिले. पाळीसाठी वर पत्र लिहितो म्हणाले आणि आत गेले.

"पाटीने पाळी सुरू होत नाही, पेंटर," कंडक्टर म्हणाला. मी ब्रश धुवायला घेतला.

चहाच्या दुकानात मी अजून तेच सांगतो आणि ते अजून मला किल्ली म्हणतात. संध्याकाळी कुणी ना कुणी पिशवी घेऊन येतं, पाटी वाचतं, दार ठोकतं. चौकीदार परत पाठवतो. डॉक्टरांचं पत्र वर गेलं आहे. उत्तर आलेलं नाही. पाळी सुरू झालेली नाही.