जागेपणीचं ऑपरेशन

लालसाबचा उभा जन्म यंत्रमागावर गेला. छातीत श्वासापेक्षा सुताची धूळच जास्त, आणि त्यात आता पोटात गाठ. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना.

“चाचा, पूर्ण भूल दिली तर तुमचा श्वास परत सुरू होणं अवघड आहे,” भूल देणाऱ्या महेश्वरी मॅडम म्हणाल्या. “पाठीच्या मणक्यात सुई देते. पोट बधिर होईल, तुम्ही जागे राहाल.”

लेक गुलनाज बार्शीला दिलेली. आईचा फोन आला की बस धरते, म्हणाली होती. लालसाबचा सगळा जीव तिच्या वाटेकडे लागलेला.

पडद्यापलीकडे पोट उघडलं. दुखलं नाही, नुसती ओढाताण कळत होती. ऑपरेशन करणारे येमुल डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस, दोघेही तेलुगू विणकरांच्या घरातले. पेशंटला कळू नये म्हणून ते तेलुगूत बोलू लागले. गाठ यकृतात पसरलीय. काढण्यात अर्थ नाही. होळी बघेल असं वाटत नाही. शिवून टाकू.

भिंतीला कान असतात म्हणे. टेबलावरच्या माणसाला नसतात काय? तेलुगू मालकांच्या मागावर ज्याचे केस पिकले, त्याला तेलुगू येणार नाही, असं सोलापुरात राहून वाटावं तरी कसं!

लालसाब तेलुगूतच म्हणाला, “शिवा डॉक्टर. पण आज माझ्या बायकोला सांगू नका. तिचं काळीज फार कच्चं आहे.”

मॅडमना भाषा कळली नव्हती, पण त्यांनी त्याचे डोळे पुसले.

“ऑपरेशन झालं,” एवढंच बाहेर सांगून डॉक्टर निघून गेले. बाकीचं मदिनाबीनं आपल्या मनानं भरलं. ती हसतच वॉर्डात आली, नवऱ्याची अलाबला घेतली आणि तिथंच लेकीला फोन लावला.

“गुलनाज, पळत येऊ नगंस गं. अब्बा एकदम बरं हायत. पोरांची शाळा कशाला बुडवतीस? मे महिन्यात ये की, निवांत ऱ्हा.”

मदिनाबीनं फोन त्याच्या कानाला लावला.

“अब्बा, खरं सांगा, मी येऊ का?”

ये म्हणावं, आत्ता ये म्हणावं, असं त्याला फार वाटलं. त्यानं बायकोकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड उजळलं होतं.

“नगं बेटा,” तो म्हणाला, “मे महिन्यातच ये.”