गांधीलमाश्यांच्या शेजारची पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, आणि भजनात सूर धरणारी तर नव्हेच. मी आपली लोखंडाची, दोन जाडजूड शब्दकोश शेजारी ठेवावेत एवढी. झाकणाला आतून रबराची पट्टी, बाहेरून घट्ट बसणारी कडी. सैन्याने काडतुसं ठेवायला माझ्यासारख्या कितीतरी घडवून घेतल्या. पण युद्ध मी पाहिलं नाही. माझ्यातली काडतुसं कुठे गेली, देव जाणे. मी रिकामी होऊन अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या एका जुन्यापान्या सामानाच्या दुकानात फावड्यांच्या ढिगाखाली येऊन पडले.

तिथून मला आर्विडने उचललं. लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. हात राकट, पण मला शेवाळी रंग दिला तो लेकीच्या केसांना तेल लावावं तसा. आत त्याने एक वही, पेन्सिल, काचेच्या गोट्या, प्लॅस्टिकचं अस्वल आणि चार बिल्ले घातले.

"आता लोक तुला शोधत येतील बघ," तो म्हणाला.

हा एक खेळ आहे. कोणीतरी रानात, पुलाखाली, खडकाआड अशी पेटी लपवतो आणि तिच्या जागेच्या अक्षांश-रेखांशांचे आकडे इंटरनेटवर टाकतो. लोक फोनवर ते आकडे बघत शोधत येतात, वहीत सही करतात, एखादी वस्तू घेतात, एखादी ठेवतात आणि पेटी होती तशी लपवून जातात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. आर्विडने मला डोंगराच्या उतारावर, एका जुन्या देवदाराच्या बुंध्यात ठेवलं. पायथ्याशी ढोली, ढोलीत मी. खाली तीव्र उतार आणि त्याच्याही खाली ओढा.

माणसांची एक खोड मला लवकरच कळली. जंगल बघायला येतात आणि फोन बघत चालतात. एक दातांचे डॉक्टर असेच आले आणि फांदीवर कपाळ आपटून टेंगूळ घेऊन गेले. एक नवं जोडपं ओढ्यावरच्या शेवाळलेल्या ओंडक्यावरून येत होतं. नवरा पाय घसरून कमरेपर्यंत पाण्यात. बायको पोट धरून हसली, मग त्याच्या नडगीचं रक्त दिसलं तशी पांढरीफटक पडली. एक बाई दमून नेमकी तीन पानांच्या खाजऱ्या वेलीत बसली. महिन्याभराने मैत्रिणीला घेऊन आली आणि लांबूनच दाखवत म्हणाली, "ती बघ जागा. तिथे बसले, त्यानंतर आठवडाभर कुठेच बसता आलं नाही!"

ती हसली. मला हसू आलं नाही. प्रत्येक पावलाचा आवाज आला की मी कान टवकारायचे. कोण येतंय, पाय नीट टाकतंय ना, ढोलीत हात घालण्याआधी वाकून बघतंय का? तोंड नसलेल्याने काळजी करावी म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. माझ्या तळाशी उंदराने टाकून दिलेलं बीळ होतं. त्यात एक गांधीलमाशी शिरली. एकटीच होती. म्हटलं, राहू दे बिचारी. पण ऑगस्ट उजाडेपर्यंत माझ्याखाली पिठाची गिरणी चालावी तशी घरघर सुरू झाली. मातीतून पिवळ्या-काळ्या माश्या एकामागून एक बाहेर पडत आणि परत शिरत.

आर्विड दर महिन्याला यायचा. त्या उन्हाळ्यात आला नाही. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, हे मला नंतर कळलं. मध्ये एक दाढीवाला येऊन गेला. त्याने मला ओढलं, बोटाला डंख बसला, तसा मला ढोलीत ढकलून शिव्या देत पळाला. त्याने त्याच संध्याकाळी इंटरनेटवर इशारा लिहिला होता म्हणे. लिहिलेलं वाचणारा मात्र भेटावा लागतो.

मग रोवीना आणि डेस्मंड आले.

रोवीनाने शाळेची बस चालवण्यात उभी हयात काढलेली. आवाज असा की ओढ्यापलीकडच्या खारीही थबकाव्यात. डेस्मंड तिचा जावई. पियानो सुरात लावून द्यायचं काम करायचा. बोलणं हळू, बोटं लांब, पायात नवेकोरे बूट. दोघांचं फारसं पटत नसावं, कारण बोलण्यात सारखं ट्रेसाचं नाव येत होतं. ट्रेसा म्हणजे रोवीनाची लेक, त्याची बायको. एक दिवस भांडल्याशिवाय काढून दाखवा, असं म्हणून तिनेच दोघांना पाठवलं होतं.

"इथे फोनला एक रेघसुद्धा नाही, रोवीना," डेस्मंड म्हणाला.

"पियानो नाही ना इथे, म्हणून करमत नाही तुला."

"पियानो चावत तरी नाही."

"आणि ती बॅग केवढी! एका दिवसाला औषधांचं दुकान कशाला हवं होतं?"

बॅग बुंध्याला टेकवून त्याने घाम पुसला. रोवीना मात्र अशा पेट्या शोधण्यात मुरलेली. तिने एका नजरेत ढोली हेरली.

"सापडली!" ती ओरडली. हातातली काठी ढोलीत फिरवून बघावी, एवढं साधं तिला सुचायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात तिने सरळ हात घातला, माझी कडी धरली आणि मला खसकन ओढलं. माझ्या कोपऱ्याने बिळाचं तोंडच खरवडून काढलं.

घरघर थांबली. क्षणभर काहीच नव्हतं. मग त्या उसळल्या.

रोवीना किंचाळून मागे सरली. मागे जमीन नव्हतीच. एका हातात मी, दुसऱ्या हातात काठी, अशी ती उतारावरून घरंगळत खाली गेली. एका खडकाच्या सपाट कडेवर आपटून थांबलो. माझं झाकण उघडलं, गोट्या ओढ्याकडे गडगडत गेल्या. तिच्या पायातून आलेला आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडावी तसा.

"रोवीना!" डेस्मंड वरून ओरडला, आणि मागचापुढचा विचार न करता उतारावर बसून घसरत खाली आला. माश्यांच्या मधूनच. आमच्यापाशी पोचला तेव्हा त्याचा हात मानेवर होता.

"हलू नका. पाय... पाय मोडलाय तुमचा."

"कळतंय मला. तुला चावल्या का?"

"दोन."

रोवीनाचा चेहरा क्षणात उतरला. लहानपणी एक गांधीलमाशी चावली आणि हा मरता मरता वाचला, ही गोष्ट तिला ठाऊक होती. नको तितक्यांदा ऐकलेली होती. त्या गोष्टीची तिने टरही उडवली होती.

"तुझं ते इंजेक्शन कुठाय?"

"बॅगेत."

दोघांनी वर बघितलं. बॅग बुंध्याशी होती आणि तिच्याभोवती माश्यांचा थवा भिरभिरत होता. डेस्मंड उठला, दोन पावलं गेला आणि गुडघ्यांवर बसला. ओठ सुजायला लागले होते. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती.

"बस खाली," रोवीना म्हणाली. "आडवा हो म्हणते ना!"

मग त्या बाईने जे केलं, ते मी उघड्या झाकणाने बघत राहिले. ती पालथी झाली. कोपरं मातीत रोवली आणि मोडका पाय मागे फरफटत उतार चढायला लागली. दर हाताला एक शिवी. बुंध्याच्या अलीकडे थांबून तिने काठी लांबवली. बॅगेचा पट्टा काठीच्या टोकाला लागायचा आणि सुटायचा. माश्या तिच्या डोक्यावर, कानावर, हातावर बसल्या. ती हात हलवू शकत नव्हती. हलवला तर पट्टा सुटला असता. अखेर पट्टा अडकला. तिने हिसका दिला आणि बॅगेसकट ती परत खाली गडगडली.

"कसं टोचायचं? बोल!"

"मांडीत... पँटवरूनच... दाबून धरा."

तिने दाबून धरलं. वर त्याच्यावरच ओरडली, "लहान मुलासारखा हलू नकोस!"

हळूहळू त्याच्या श्वासातली शिट्टी विरली. ओठांचा रंग परतला. रोवीनाने बॅग पुन्हा चाचपली.

"दुसरं इंजेक्शन आहे?"

"घरी राहिलं. याचा अंमल उतरला की परत सुरू होऊ शकतं."

"मग इथेच पडून राहा. कोणीतरी येईल."

"कोण येणार, रोवीना? फोन लागत नाही, तुम्हाला चालता येत नाही. मला आता चालता येतंय. मग येणार नाही."

बस चालवणाऱ्या बाईला हिशेब पटला होता, मन मानत नव्हतं. शेवटी तिने गळ्यातली शिट्टी हातात घेतली. "मी ही वाजवत राहीन. तू ओरडून उत्तर द्यायचंस. 'आहे अजून!' म्हणायचं. समजलं?"

त्याने माझ्यातलं उरलंसुरलं सामान बाहेर काढलं, मला आडवं केलं आणि त्यावर आपलं जाकीट घालून तिचा पाय अलगद माझ्यावर टेकवला. काडतुसांसाठी घडवलेली मी. त्या पायाचं ओझं मी जिवापाड सांभाळलं.

तो गेला. शिट्टी वाजली.

"आहे अजून!" झाडांमधून आवाज आला.

पुन्हा शिट्टी. "आहे अजून!" थोडा लांबून.

पुन्हा. या वेळी ओढ्याच्या खळखळाटात शब्द नीट लागले नाहीत, पण आवाज त्याचाच होता. रोवीनाने मान हलवली. तिचा कान सुजून कोबीच्या पानासारखा झाला होता.

पुन्हा शिट्टी. काही नाही.

तिने अजून जोरात फुंकली. काही नाही. ओढा तेवढा वाहत होता.

"लांब गेला असेल," ती म्हणाली. तिथे माझ्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. "लांबच गेला असेल. हळू आवाज आहे मेल्याचा. कितीदा सांगितलं, जरा मोठ्याने बोलत जा."

शिट्टी. काही नाही.

"ट्रेसाला काय सांगू मी? 'बॅग कशाला आणलीस' म्हणून हसले त्याला. पेटी, तूच सांग, काय सांगू?"

मला सांगता आलं असतं तर मी आधीच सांगितलं नसतं का? माझ्या अंगावरचा तिचा पाय कापत होता. ते कापणं लोखंडात उतरत होतं. शिट्टी ती वाजवतच राहिली. फुंकून फुंकून ओठ फुटले तरी. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. अंगाखालचा खडक गार पडत चालला. तो वाटेत कुठेतरी पडलाय, आणि आपण इथे, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मलाही तेच दिसत होतं.

मग खालून माणसांचे आवाज आले. लाल जाकिटांतली माणसं, स्ट्रेचर, दोर. पुढे एक उंच बाई.

"रोवीना तुम्हीच ना? पाय कुठे दुखतोय?"

"पाय गेला खड्ड्यात! माझा जावई कुठाय?"

"रस्त्यावर रुग्णवाहिकेत आहे. पुन्हा त्रास सुरू झाला होता, दुसरं इंजेक्शन दिलंय. ठीक आहे तो. इथे वर यायचं म्हणून भांडत होता. दोघांनी धरून ठेवलाय."

रोवीना तोवर रडली नव्हती. आता एवढी रडली की त्या बाईला पाय बांधायचं सोडून आधी तिचा हात धरावा लागला.

डेस्मंड रस्त्यापर्यंत पोचला होता. तिथे ब्लॅकबेरी तोडणाऱ्या एका बाईच्या गाडीला धरून तो खाली बसला, आणि बोलता येईना म्हणून नुसतं डोंगराकडे बोट दाखवत राहिला. बाकीचं त्या बाईने केलं.

लाल जाकिटवाल्यांनी मलाही खाली आणलं. काही दिवस मी डेस्मंडच्या गाडीच्या डिकीत होते. मग एके दिवशी डिकी उघडली, आणि समोर आर्विडचं अंगण. तो वॉकर धरून उभा. प्लॅस्टरमधला पाय सांभाळत रोवीना गाडीतून उतरली.

"माझंच चुकलं," आर्विड म्हणाला. त्याला मान वर करता येईना. "उन्हाळाभर कोणाला तरी पाठवायला हवं होतं. इशारा आला होता, तोही मी पाहिला नाही."

"आम्ही तरी कुठे पाहिला? आणि गांधीलमाश्या काय तू पाळल्या होत्यास?" रोवीना म्हणाली. "हात मी घातला. न बघता."

"मी ही पेटी आता बंद करतोय. कायमची."

म्हणजे पुन्हा फावड्यांखाली, असं मला वाटलं. मग डेस्मंडने, त्या हळू बोलणाऱ्याने, मला डिकीतून उचललं आणि आर्विडच्या हातात दिलं. "तिला सपाटीवर ठेवा ना. जिथे आत बघता येईल, अशा जागी."

"तू पुन्हा येणार आहेस का शोधायला?" रोवीनाने विचारलं.

"तुम्ही थांबणार आहात का?"

"नाही."

"मग मला यायलाच हवं." तो जरा थांबला. "तुमची शिट्टी मला रस्त्यापर्यंत ऐकू येत होती, रोवीना. मीही ओरडत होतो. तुम्हाला ऐकू जात नसणार, हे कळत होतं. तरी ओरडत होतो."

रोवीनाने तोंड फिरवलं आणि आर्विडच्या टोमॅटोंकडे बघत उभी राहिली.

आता मी जुन्या रेल्वेच्या वाटेवर असते. रूळ कधीच काढून नेलेत. सपाट, रुंद वाट आहे. एका लाकडी खांबावर कमरेच्या उंचीला आर्विडने मला पुढून उघडा असलेला कोनाडा करून दिलाय. मला शोधायला कष्ट पडत नाहीत, म्हणून मुरलेले खेळाडू नाकं मुरडतात. मुरडू देत. आर्विड आता काठी टेकत दर आठवड्याला येतो, आधी खाली वाकून बघतो, मग मला हात लावतो.

माझी धास्ती मात्र गेली नाही. अजूनही पावलं वाजली की मी कान टवकारते. कालच एक मुलगी फोनकडे बघत आली आणि वाटेतल्या मुळाला ठेचकाळली. पडली नाही, पण माझा जीव वरखाली झाला.

म्हणून तुम्हा सगळ्यांना एवढंच विनवते. निघताना कुठे जाताय ते घरी सांगून या. आधीच्यांनी काय लिहिलंय ते वाचा. औषध ज्याला लागतं त्याच्या अंगावर असू द्या, आणि त्याला हसू नका. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालू नका.

आणि घाई कशाला करता? सावकाश या. मी कुठे पळून जात नाहीये.