तीन फळ्या आणि उलटी आवणी

मी तळेघरच्या सरूबाईंच्या पडवीतला ट्रिप्टिक बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ अगदी साधा: तीन घड्यांचं. मधे एक मोठी फळी, दोन्ही बाजूंना निम्म्या रुंदीच्या दोन, आणि बिजागऱ्यांवर मिटणारं एकच चित्र. मला जोडलं शिनोलीच्या गेणू सुतारानं. तो शेवटपर्यंत मला देव्हाराच समजत होता. असू दे, तेवढाच मान मिळाला.

रंगवलं सरूबाईंच्या मोहिनीनं. ती पाचवीपासून घोडेगावच्या वसतिगृहात, मग पुण्यात चित्रकलेला. मधल्या फळीवर तिनं भातखाचर काढलं. डावीकडे आई, उजवीकडे द्रौपदाकाकी, दोघी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला वाकलेल्या.

खरं तर या दोघी जावा वर्षभर बोलत नव्हत्या. दोघींच्या खाचरांमधला बांध हातभर कोरला गेला होता. कोणी कोरला ते मी सांगणार नाही, मला दोघींनाही अंगावर वागवायचंय. पण त्यापायी सावड मोडली. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू, ही सावड. यंदा सरूबाई एकट्या पडल्या. रोपाला महिना उलटला. जून झालेल्या रोपाला फुटवे येत नाहीत, मग वर्षाचं भात कुठून आणायचं? त्या कोणाला बोलून दाखवत नव्हत्या, पण झोप उडाली होती.

शेवटी मोहिनीच काकीकडे गेली. "काकी, तुला काढलंय. बघून तरी जा."

काकी आल्या आणि जावेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मोहिनीनं मला पाटावर मांडलं. बाजूच्या फळ्या थोड्या वळवल्याशिवाय मी उभा राहत नाही, त्यामुळे चित्रातल्या दोघी समोरासमोर आल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग काकी पुढं वाकल्या. "आगं, ह्या पुढं पुढं चालल्यात का काय?"

"तेच मी सकाळधरनं बघतीया, आक्का," सरूबाई म्हणाल्या. "आवणी करताना माणूस मागं मागं सरतंय. लावलेली रोपं हिनं पाठीमागं काढलीत."

"म्हंजी पाठीला डोळं हायेत व्हय आपल्याला?"

दोघींना हसू आवरेना. मोहिनीनं जन्मात आवणी केली नव्हती, ते असं उघडं पडलं.

हसू ओसरल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "तुझं रोप पिवळं पडलंय, सरू. उद्या येते मी. रोपं उपटून मुठी बांधून ठेव."

सरूबाईंनी नुसता पदर डोळ्यांना लावला.

मोहिनी चूक सुधारायला बसली, तर काकींनी ब्रश काढून घेतला. "आधी चिखलात ये. मग काढ."

तीन दिवस झाले, तिघी खाचरात आहेत. मी भिंतीशी मिटून पडलोय, आणि खरं सांगतो, सुखात आहे. एकच विनंती, मला कोणी दुरुस्त करू नका. मी बिनचूक असतो, तर दोघी "लई ब्येस" म्हणून आपापल्या घरी गेल्या असत्या.